एक्स्चेंजचा सौदा झाला, पण परवानगीत घोडं अडलंय (साउथ डकोटा, अमेरिका)

नवा_हिशेबनीस:
नमस्कार मंडळी. इथल्या एका टेलिफोन को-ऑपरेटिव्हचे हिशेब बघतो. शेजारच्या मोठ्या कंपनीचं 340 लाइनींचं एक्स्चेंज आम्ही घेतोय. सह्या झाल्या आणि वकिलांनी यादी काढली: राज्याच्या कमिशनची (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाची) मंजुरी, एफसीसीची म्हणजे केंद्रीय दूरसंचार नियामकाची कलम 214 ची (लाइनी हस्तांतरित करण्याची) मंजुरी, शिवाय ‘स्टडी एरिया वेव्हर’ म्हणजे हद्दीच्या नियमातून सूट. पहिल्या दोन कळल्या. तिसरी कशाला? विकणारा राजी, घेणारा राजी, गावाला तर कधी एकदा नवी कंपनी येते असं झालंय. नकाशावरच्या एका रेषेसाठी वॉशिंग्टनला अर्ज?

निवृत्त_स्विचमन:
खरी गोम त्या रेषेतच आहे. स्टडी एरिया म्हणजे त्या राज्यातली तुमच्या कंपनीची हद्द. खर्च त्यावर मोजतात आणि युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातली (महागड्या ग्रामीण भागात फोन पुरवायला मिळणारी) मदतही त्यावरूनच ठरत आली. गावातला स्वस्त भाग आणि माळरानावरचा महागडा भाग एकत्र धरला की सरासरी खाली येते. महागडा तुकडा वेगळा काढून दाखवला की फंडातून जास्त पैसे. ही पळवाट बुजवायला एफसीसीने 15 नोव्हेंबर 1984 च्या हद्दी गोठवल्या. तेव्हापासून एक्स्चेंज एका हद्दीतून दुसरीत न्यायचं तर वेव्हर लागतो. आमच्या वेळी वर आणखी एक अट होती, सौद्यामुळे फंडावर एक टक्क्याहून जास्त बोजा पडता कामा नये. 2011 मध्ये ती काढली आणि प्रक्रियाही जरा सुटसुटीत केली.

तुम्ही हिशेबातले, म्हणून आमची फजिती सांगतो. आम्ही एक्स्चेंज घेतलं तेव्हा मॅनेजरने बजेटात मदत आमच्या दराने धरली होती. एफसीसीचा नियम 54.305 म्हणत होता, विकणाऱ्याला दर लाइनीमागे जे मिळत होतं तेवढंच तुम्हाला. त्याला मिळत होतं जवळजवळ शून्य. बोर्डाच्या बैठकीत हे वाचलं गेलं तेव्हा कॉफी ओतणारी बाईसुद्धा किटली धरून तशीच उभी राहिली.

आणि नकाशा स्वतः गाडीत बसून पडताळा. विकणाऱ्याच्या नकाशात एक पेडेस्टल, म्हणजे तारा जोडायचा जमिनीवरचा खोका, रस्त्याच्या उत्तरेला होता. सापडला दक्षिणेला, गवतात आडवा, आत उंदरांचं घरटं. त्यावरून तीन घरांचे फोन चालू होते आणि आमच्या अर्जात ती घरं कोणाच्याच हद्दीत नव्हती.

कायदा_आणि_कॉफी:
राज्याची मंजुरी ‘कळली’ म्हणताय, पण साउथ डकोटात तीच जड जाऊ शकते. इथे कमिशन सेवा, दर आणि 911 ची आणीबाणी सेवा बघतंच, शिवाय कर भरला जाईल का हेही बघतं. 1990 च्या दशकात यूएस वेस्ट या मोठ्या फोन कंपनीने इथली बरीच ग्रामीण एक्स्चेंजेस विकायला काढली. त्यातली टिंबर लेक, मॅकिन्टॉश आणि मॉरिसटाउन ही तीन शायेन रिव्हर सू या मूळनिवासी जमातीच्या टेलिफोन अथॉरिटीला हवी होती. कमिशनने नकार दिला. जमातीच्या संस्थेकडून राज्याला कर वसूल करता येईल का, हा त्यातला एक मोठा मुद्दा. 1999 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. मला तो निकाल आजही पटत नाही. टिंबर लेकच्या तारा ज्यांच्या भूमीवर आहेत त्यांनाच त्या विकत घेता येत नाहीत! असो. तुमचा कराचा कागद आधी तयार ठेवा.

नवा_हिशेबनीस:
बाप रे. बजेटात आम्हीही आमचाच दर धरलाय. उद्या सकाळी पहिलं तेच बघतो. एकूण वेळ किती धरू?

निवृत्त_स्विचमन:
सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण तिकडेही चालते. 214 चं काम साधं असेल तर सार्वजनिक सूचनेनंतर 31 व्या दिवशी आपोआप मंजूर. बाकीच्यांचा भरवसा नाही. पण मंजुरीपेक्षा कटओव्हरला, म्हणजे ग्राहक नव्या सिस्टिमवर आणण्याला, घाबरा. फेअरपॉइंट या फोन कंपनीने 2008 मध्ये मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमधल्या व्हेरायझनच्या लाइनी घेतल्या. 2009 च्या सुरुवातीला ग्राहक स्वतःच्या सिस्टिमवर आणले आणि बिलं, ऑर्डरी, सगळ्याचा गोंधळ उडाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. तेव्हापासून कमिशनवाले बिलिंगबद्दल खोदून खोदून विचारतात, आणि बरोबरच आहे.

नवा_हिशेबनीस:
शनिवारी नकाशा घेऊन निघतो. हद्द दहा-बारा मैलांचीच आहे, दुपारपर्यंत उरकेल.

निवृत्त_स्विचमन:
गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. आणि डबा न्या.