लाईट गेली तेव्हा तुम्ही कुठे होता? (अनुभव धागा)

पेठेतली मैना
काल गुरुवार. दुरुस्तीसाठी लाईट बंद, दहाची गेली ती सहाला आली. लेक म्हणाली, "आई, सगळ्या जगाची गेलीये का गं?" आणि मला ३१ जुलै २०१२ आठवला, उत्तर आणि पूर्व भारताची लाईट एकदम गेली तो दिवस. दिल्लीहून पुण्याला निघाले होते. मथुरेच्या अलीकडे दुपारी एकच्या सुमारास गाडी थांबली ती थांबलीच. संध्याकाळपर्यंत डब्यातल्या बॅटऱ्या उतरल्या, पंख्याची पाती मोजता यायला लागली. आईला फोन लावला तर म्हणे, "आमच्याकडे आहे की! मिक्सरवर चटणी वाटतेय." ६० कोटींहून जास्त लोक अंधारात आणि आमची आई चटणी वाटतेय! लिहा तुमचेही.

इंदापूरचा
तुम्हाला एक दिवस गेली तर धागा. आमच्याकडे मोटरीला लाईट रात्री दोनला. बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, पायाखाली पाइप आहे का घोणस, पाय टाकल्यावर कळणार. तुमचं पुण्याचं लोडशेडिंग २००६ लाच बंद झालं.

चिंचवडी
फुकटात नाही दादा. विजेची मागणी सगळ्यात जास्त असायची त्या वेळी कंपन्या आपापले जनरेटर लावायच्या, ती वाचलेली वीज शहराला. डिझेलचा जादा खर्च आमच्या बिलात.

इंदापूरचा
बिल भरून झोपत तरी होतात ना :)

निवृत्त वायरमन
मैनाताई, आईंची चटणी वाटली गेली कारण आपली पश्चिम ग्रिड, म्हणजे आपल्या भागाचं विजेच्या लाईनींचं जाळं, उत्तरेपासून सुटी झाली. उत्तर जास्तीची वीज ओढत होती, आपण ढकलत होतो, आणि शेजारच्या काही लाईनी आधीच बंद. सगळा भार बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या (४ लाख व्होल्टच्या) लाईनीवर. तारेवर ना फांदी पडली, ना शॉर्ट. नुसता भार बघून रिलेला (बिघाड दिसला की लाईन तोडणारं यंत्र) फॉल्ट वाटला, त्याने लाईन सोडली. मग तिकडे उत्तरेत फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला ५० आवर्तनं असतात ती) ५० च्या खाली कोसळली, इकडे वर. घसरली की आपोआप भार, म्हणजे काही भागांची लाईट, तोडायचा असतो, तो पुरेसा तुटला नाही. आणि हेच ३० तारखेला रात्री २:३३ ला होऊन गेलं होतं! दीड दिवसात पुन्हा तीच लाईन.

ठाणेकर जावई
आमचा १२ ऑक्टोबर २०२०, मुंबईची लाईट गेली तो. कळवा-पडघा लाईन, एक सर्किट दुरुस्तीला आणि दुसरं ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. मुंबई वेगळी काढून वाचवायची सोय होती, ती ऐनवेळी चाललीच नाही. मी लिफ्टमध्ये. सोबत शेजारचे काका आणि त्यांची मासळीची पिशवी. बास, पुढे विचारू नका.

ओट्यापाशी
वायरमनकाका, पण परत चालू करायला इतका वेळ का लागतो? खटका वर केला की झालं ना? (कुकर लावलाय, शिट्टीपर्यंत वाचतेय)

निवृत्त वायरमन
कोळशाच्या केंद्राला स्वतःचे पंप, पंखे, कोळसा दळायच्या गिरण्या फिरवायलाच आधी वीज लागते. म्हणून आधी पाण्यावरचे संच. पाणी सोडलं की टर्बाईन फिरतं. तिथून एकेक केंद्राला वीज पोचवायची आणि जेवढी तयार होईल तेवढाच भार घ्यायचा. घाई केली की परत सगळं झोपतं.

चिंचवडी
आमच्या सोसायटीत लाईट आली की अख्खी बिल्डिंग एकदम गीझर लावते. डीपीचा फ्यूज तिथल्या तिथे.

ओट्यापाशी
मैना, चटणी कसली होती पण?

पेठेतली मैना
कारळ्याची. कारळे मंद भाजायचे, लसूण सालीसकट. आई खलबत्त्यातच करायची, मिक्सर त्याच आठवड्यात आलेला.

ओट्यापाशी
सालीसकट??