प्रतिसाद: पावसापेक्षा अल्मोराची धाव मोठी

२०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) सातवा सामना पावसाने फिरवला, असं वर बहुतेकांचं म्हणणं दिसतंय. नवव्या डावानंतरच्या सतरा मिनिटांच्या त्या थांब्याने शिकागो कब्ज संघाला दम खायला वेळ मिळाला हे खरं. त्याआधी आठव्या डावात प्रतिस्पर्धी क्लीव्हलंडच्या राजाय डेव्हिसने कब्जचा पिचर (चेंडू टाकणारा) चॅपमनला होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) ठोकून ६-६ केलं, तेव्हा कब्जचे चेहरे पडलेच होते.

पण माझ्या मते सामना खरा फिरला तो दहाव्या डावात. कब्जचा श्वार्बर पहिल्या बेसवर होता, त्याच्या जागी अल्मोरा धावायला आला. कब्जच्याच ब्रायंटचा उंच फटका मागे पार कुंपणाजवळ झेलला गेला. क्रिकेटमध्ये झेल घेतला की धाव नाही. इथे मात्र झेल होईपर्यंत बेसला चिकटून राहून मग पळता येतं. अल्मोराने तेच केलं आणि दुसरा बेस गाठला. पहिला बेस रिकामा झाल्याने क्लीव्हलंडने कब्जच्या रिझोला मुद्दाम वॉक (फटका न मारताच पहिला बेस) दिला. लगेच झोब्रिस्टचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), अल्मोरा घरी म्हणजे होम बेसवर, एक धाव, ७-६. मग माँटेरोच्या फटक्यावर रिझोही आला. क्लीव्हलंडने नंतर एक धाव काढली, तरी शेवटी कब्ज ८-७ ने जिंकले, म्हणजे मुद्दाम सोडलेल्या त्या रिझोचीच धाव निर्णायक ठरली!