रंगीत चांदीच्या नाण्याची कड पिवळी पडतेय

प्रश्न: कॅनडातल्या आदिवासी जीवनाच्या जुन्या तैलचित्रावरून रंगवलेलं, ९९९९ शुद्धतेचं (९९.९९ टक्के) चांदीचं नाणं आहे. कड पिवळसर पडतेय. चांदी उजळायच्या द्रावणात बुडवावं का?

उत्तर १: मुळीच नको! ते द्रावण चांदीचा पातळ थर खातं, आरशासारखी झळाळी कायमची जाते. ॲसिटोनने (नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने) छापील रंग उचलला जाऊ शकतो. पिवळेपणा हवेतल्या गंधकाचा; तो राहू द्या. पीव्हीसी (मऊ प्लास्टिकचं) पाकीट आणि रबरबँड (रबरातही गंधक) आधी दूर करा. हवाबंद कॅप्सूल, शेजारी ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. नाणं फक्त कडेने धरा.

उत्तर २: दुधाळ पांढरे डाग असतील तर घासू नका, ओरखडेच पडतील. आणि नाण्यावरचं चित्रही तपासून पाहा; अशी जुनी चित्रं हुबेहूब नोंद असतीलच असं नाही. उदाहरणार्थ, कॅनेडियन चित्रकार पॉल केनने १८४५-४८ च्या प्रवासातल्या रेखाटनांवरून टोरंटोत तैलचित्रं केली. त्याच्या ‘कॉ-वाचम’ या चित्रामध्ये दोन वेगळ्या समाजांची माणसं एकाच चौकटीत आहेत.