मदत हवी आहे: समुद्राचं पाणी तापलं की बोटीचं इंजिनही तापतं

इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल इंजिन, हीट एक्स्चेंजरवालं, म्हणजे इंजिनमधलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) नळ्यांमधून समुद्राच्या पाण्याने गार होतं. थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह) ८२ अंशांचा. समुद्राचं पाणी २२ अंश असेल तर फुल थ्रॉटललाही कूलंटच्या तापमानाचा काटा ८२ वरून हलत नाही. पाणी ३० झालं की ९५ पर्यंत चढतो, थ्रॉटल कमी केला की उतरतो. इम्पेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं चाक) नवा, गाळणी साफ, एक्झॉस्टमधून पाणी भरपूर, काटाही इन्फ्रारेड थर्मामीटरने पडताळला. एक्स्चेंजर अजून उघडलेला नाही. हवा तापलेली पण पाणी गार, अशा दिवशी मात्र काहीच त्रास नाही, म्हणून इंजिनरूमच्या हवेवर माझा फारसा संशय नाही.

थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर पाणी जितकं तापेल साधारण तितकंच कूलंट चढायला हवं ना? इथे पाणी ८ अंशांनी वाढलं तर काटा १३ ने. एक्स्चेंजरच्या नळ्यांत क्षार साचलेत, की प्रॉपेलरमुळे इंजिनवर जादा लोड येतोय? एक्स्चेंजर न उघडता हे कसं ओळखायचं?