चतुर्थीला एकच बाटली येणार: रोझ टँजरीन की रेड रोझेस?

वेंगुर्ल्याची मावशी
भाचा दुबईहून चतुर्थीला येतोय. "मावशी, परफ्यूमची एकच बाटली आणीन, नाव सांग," म्हणालाय. मे महिन्यात मुंबईत दोन्ही लावून पाहिली होती. डाव्या मनगटावर क्लोएचं रोझ टँजरीन, उजव्यावर जो मलोनचं रेड रोझेस.

डावं मनगट म्हणजे नाकाशी संत्र्याची साल पिळावी तसं, खाली ब्लॅककरंटचा आंबटपणा. मी तिथेच पाघळले. पण लोकलमध्ये चढेपर्यंत संत्रं गायब, मागे गोडसर गुलाब आणि देवदार. उजव्यावर लिंबू नावापुरतं, किंचित पुदिना, आणि मग देठासकट खुडलेला गुलाब, पानांच्या ओल्या वासाचा. तो दादरला उतरले तरी होता.

मी रोज स्कूटरने शिरोड्याला शाळेत जाते. आरवली येईतो पाठ भिजलेली असते. यात टिकेल कुठलं?

प्रयोगशाळेतला, रत्नागिरी
ताई, संत्र्यालिंबाचा वास मुख्यतः लिमोनीनचा. ते १७६ अंशांना उकळतं, गुलाबातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल २१९च्या आसपास. उकळायची गरज नाही, अंगाच्या उबेनेही हलकं ते आधी उडतं. त्यामुळे पहिल्या फवाऱ्यावर भाळू नका. तासाभराने जे उरतं तेच तुम्ही दिवसभर वापरणार.

खारो वारो
गो बाय, घामाक काय कळता बाटली खंयची ती! मार्चात सुरंगीच्या फुलांचो वळेसर केसात माळ, अख्ख्या एस्टीक वास येतलो.

मावशी
मार्चात माळतेच हो. प्रश्न उरलेल्या अकरा महिन्यांचा आहे.

चिपळूणकर वहिनी
रेड रोझेस माझ्याकडे आहे. वास खरा गुलाबाचा, तीच पंचाईत. आपल्याकडे गुलाब म्हटलं की हळदीकुंकू आणि मांडवाच्या दारातली गुलाबदाणी. पहिल्या दिवशी ऑफिसात विचारलं, "कुणाचं लग्न?" रोझ टँजरीनला असं कुणी विचारणार नाही, ते २०२०चं, तरुण पोरींच्या चवीचं. रेड रोझेस २००१पासून आहे. घेतलंत तर मानेवर न मारता सुती ओढणीच्या आतल्या बाजूला मारा, जास्त टिकतं. पांढऱ्यावर नको. आणि बाटली खिडकीत ठेवू नका, कपाटात ठेवा.

मावशी
वहिनी, लग्नाच्या वासाची मलाही धास्ती होती. म्हणून काल, मे महिन्यात रेड रोझेस लागलेली ओढणी शोधून काढली. धुतली नव्हती (हसू नका). गुलाबपाणी नाही, काहीतरी हिरवं, पानासारखं, फार पुसट. शाळेत चालेल. भाच्याला रेड रोझेस कळवलंय, ३० मिलीची. मोठी संपेपर्यंत मी रिटायर होईन.

संत्र्याची हळहळ आहेच. पण परसातली पपनसं गणपतीवरच्या माटवीला बांधायची आहेत, नंतर सोलायची मीच. दोन दिवस बोटांना वास राहील.