रेप्टाइल शोमधले ब्रीडर नवीन माणसाशी इतकं तुटक का बोलतात?

नेपरविलकर
मंडळी, मुलाला बॉल पायथन (पाळायचा छोटा अजगर) पाहिजे म्हणून शिकागोजवळच्या टिनली पार्कच्या शोला जाऊन आलो. एका टेबलावर डब्यात स्पायडर मॉर्फचं (मॉर्फ म्हणजे रंग-नक्षीचा प्रकार) पिल्लू होतं, मान वाकडी करून वर बघत होतं आणि डोकं सारखं हलत होतं, मी साधं विचारलं की हे आजारी आहे का, तर तो माणूस म्हणाला आधी घरी अभ्यास करून या. पुढच्या टेबलावर '६६% हेट' म्हणजे काय विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. पैसे आपण द्यायचे आणि वर हे ऐकून घ्यायचं? सगळीकडे असंच असतं का?

गेकोवाले काका
मी टेक्सासात लेपर्ड गेको (पाळायची ठिपक्यांची पाल) ब्रीड करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. शोमध्ये सकाळपासून लोक 'चावतो का' विचारतात, हातात घेतात, फोटो काढतात, चालू पडतात. जे घेऊन जातात त्यांचा दोन आठवड्यांत फोन, खात नाहीये हो! अहो, बॉल पायथन आहे तो, मोठा झाला की महिनोन्‌महिने उपाशी राहतो आणि त्याला काही होत नाही. माणूस वैतागतो. पण हसायचं काही कारण नव्हतं. हेट म्हणजे मॉर्फचा जीन अंगात असतो पण दिसत नाही. आईबाप दोघंही हेट असले तर दिसायला नॉर्मल पिल्लांपैकी तीनात दोन तो जीन बाळगून असतात, कुठली ते वरून कळत नाही, म्हणून सगळ्यांवरच ६६% लिहितात. झालं, एवढंच.

फटकळ_मावशी
काका, वैताग समजला, पण स्पायडरचं काय? डोकं हलायचा तो दोष त्या जीनसोबतच येतो, कमी असेल जास्त असेल, पण येतोच. युकेत इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने आपल्या शोमध्ये स्पायडर विकणंच बंद केलं. हे विकणाऱ्याला माहीत नसतं होय? 'अभ्यास करून या' म्हटलं की सांगायची वेळ येत नाही, एवढंच. उलट लेमन फ्रॉस्ट मॉर्फच्या गेकोचं बघा, त्यात गाठी यायला लागल्या तेव्हा एका ब्रीडरनेच संशोधकांना सॅम्पल दिले आणि २०२१ मध्ये पेपर आला, ऐंशी टक्क्यांच्या वर गेकोंना ट्यूमर होतात म्हणून. असेही लोक आहेत.

आणि खरी गोम पैशात आहे. तुम्ही एक पिल्लू घेणार तोवर या बसा, पण 'मी पण ब्रीड करीन म्हणतो' असं बोलून बघा, लगेच आवाज बदलतो. मादी दीड किलोची व्हायला तीनेक वर्षं, मग सहाएक अंडी, दोन महिन्यांत पिल्लं बाहेर, आणि जे मॉर्फ एकेकाळी हजारो डॉलरला जायचे ते आता शंभरात मिळतात. आजचं गिऱ्हाईक उद्या शेजारी टेबल लावणार, कोण शिकवेल? पण तेच लोक नवख्याला जोडी 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून विकतात तेव्हा बरे गोड असतात!

सदाशिवपेठी
इथे पुण्यात कुणी वाचून उड्या मारू नका. बॉल पायथन साइटिसमध्ये (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आपला अजगर आणि स्टार कासव तर त्याच कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण, त्यांचा विचारच नको.

गेकोवाले काका
मावशींचं जोडीबद्दलचं खरंय, नाकारत नाही. तरी 'वर्षभर एक सांभाळून बघा, मग ब्रीडिंगचं बोलू' असं कुणी म्हणालं तर राग मानू नका, तो सल्ला चांगला आहे. नेपरविलकर, पिल्लू किती वेळा जेवलंय, काय खातं, जिवंत उंदीर की फ्रोझन, लिहिलेलं मागा. आणि जो उलट तुम्हालाच टाकीचं टेंपरेचर विचारेल त्याच्याकडून घ्या. फ्रोझनवाला घेतलात तर बरं.

नेपरविलकर
धन्यवाद दोघांना. मान हलवणारं नको हे नक्की झालं. आता बायकोला फ्रीजरमध्ये उंदरांसाठी एक कप्पा मागायचा आहे, त्यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा राव.