नदीच्या गुहेचा सर्वे: लूप 11 मीटरने उघडं राहतंय

कातळपाय:
मेघालयात, पूर्व जैंतिया हिल्समधल्या एका चुनखडीच्या गुहेचा सर्वे चालू आहे. आत वाहतं पाणी आहे, घोट्यापासून छातीपर्यंत. मधे साधारण 60 मीटर पाय न टेकणारा डोह. डिस्टोएक्स-2 (अंतर, दिशा आणि चढ-उतार मोजणारं लेझर यंत्र) आणि टोपोड्रॉइड (ती मोजणी नोंदून नकाशा काढणारं फोनचं ॲप) वापरतोय. डोहाची वाट आणि वरची कोरडी शाखा मिळून 340 मीटरचं लूप, म्हणजे फिरून सुरुवातीच्याच जागी येणारी वाट होते, पण नकाशावर दोन टोकं 11.2 मीटरने जुळत नाहीत. उंचीत फरक मात्र जेमतेम 20 सेंमी. चुंबकीय दिक्पात (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) टाकलेला नाही, त्यामुळे असेल का? यंत्राचं कॅलिब्रेशन (मोजणी अचूक यावी म्हणून करायची जुळणी) पुण्यात केलं होतं.

होकायंत्र:
दिक्पाताचा काही संबंध नाही. सगळे लेग (एका स्टेशनपासून, म्हणजे मोजणीच्या खुणेपासून, पुढच्या स्टेशनपर्यंतचे तुकडे) सारख्याच कोनाने फिरले तर अख्खं लूप फिरतं, पण बंद होतंच. म्हणूनच लूप जुळलं म्हणजे नकाशाची दिशा बरोबर, असंही समजू नये. दिक्पात टाका, पण वेगळ्या कारणासाठी.

340 ला 11.2 म्हणजे 3.3 टक्के. नीट केलेल्या सर्वेत 1 टक्क्याच्या आत यायला हवं. उंची जुळतेय, म्हणजे चढ-उतार बहुधा ठीक आहेत. कुठेतरी एकच ढोबळ चूक दिसते. सॉफ्टवेअरला ती सगळ्या लेगांवर थोडीथोडी वाटून टाकू देऊ नका, मग ती कायमची लपते.

आधी हा 11.2 मीटरचा फरक कुठल्या दिशेला पडतोय ते पाहा. ती दिशा एखाद्या लेगला समांतर असेल आणि त्या लेगची लांबी फरकाच्या निम्मी, म्हणजे 5.6 मीटरच्या आसपास असेल, तर तो लेग उलटा नोंदला गेलाय. फरक लेगला जवळजवळ काटकोनात असेल तर कोन बिघडलाय: 20 मीटरच्या लेगला 30 अंश चुकले की टोक साधारण 10 मीटर सरकतं.

ओलीदोरी:
माझा संशय डोहावर. पोहताना प्रत्येक स्टेशनवर यंत्र धरता येत नाही, म्हणून एक सोडून एक कपारीत अडकून बसायचं आणि तिथूनच मागचा व पुढचा, दोन्ही शॉट (लेझरची एकेक मोजणी) मारायचे, असं करतात. मागचा शॉट मारताना ॲपमध्ये दिशा बदलायची राहिली की लेग उलटा पडतो.

कातळपाय:
सापडला! डोहातला स्टेशन 14 ते 15 हा लेग, लांबी 5.7 मीटर, फरकाच्या दिशेलाच. उलटवल्यावर फरक 1.3 मीटरवर आला.

ओलीदोरी:
म्हणजे 0.4 टक्क्याच्या आत. तरी आकडा जुळला म्हणून सोडू नका. 14 आणि 15 वरून बाजूच्या भिंतींना मारलेले शॉट स्केचवर ठेवून बघा: भिंत वाहत्या वाटेच्या आडवी आली तर अजून काही गडबड आहे. शंका उरली तर तेवढाच लेग पुन्हा मोजा, या वेळी दोन्ही टोकांकडून. लेगचे तीन शॉट एकमेकांशी जुळल्याशिवाय पुढे सरकू नका.

होकायंत्र:
परत जाणारच असाल तर यंत्र तिथेच पुन्हा कॅलिब्रेट करा, बॅटरी बदलली असेल तर नक्कीच. 14 दिशा, प्रत्येकीत यंत्र चार बाजूंना फिरवून, एकूण 56 शॉट. पत्र्याचं छप्पर, सुमो आणि स्टीलचे कॅराबिनर (दोरीत अडकवायच्या कड्या) यांच्यापासून लांब, झाडीत उभं राहून. हेल्मेटच्या दिव्याची बॅटरी यंत्राजवळ आली तरी कोन हलतो, ते डोळ्याला लावून पाहणाऱ्यांना हमखास नडतं.

डोहाची खोली लेझरने घेऊ नका. किरण पाण्यात शिरला की अंतर सुमारे 1.33 पट येतं, आणि बऱ्याचदा तो पृष्ठभागावरूनच उसळतो. खुणा केलेली दोरी आणि दगड पुरे. काळ्या ओल्या भिंतीवर शॉट लागत नसेल तर स्टेशनवर पांढरा कार्ड धरा.

ओलीदोरी:
फेब्रुवारीतच उरका, पुढे वळवाचा भरवसा नाही. छताच्या चिरांत पानं-काटक्या अडकलेल्या दिसल्या तर पूर तिथवर चढतो. डोहाच्या पलीकडे असताना पाणी गढूळ व्हायला लागलं की मोजणी तिथेच थांबवून निघायचं. आणि गावातल्या वाहेह श्नोंगला (गावप्रमुखाला) पुन्हा आत जाताय हे आणि परतायची वेळ सांगून ठेवा.